कुठल्या मजल्यावरचं पान?

आदेमार बेतांकुरने जन्मभर मोंतेविदेओमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवर गांजा लावला. लोकांना गंमत वाटते. मला नाही वाटत. दोन्हीकडे त्याचा पहिला प्रश्न एकच.

कायद्याने मुभा दिल्यापासून आमच्या गल्लीत घरोघरी झाडं आहेत, आणि घरोघरी पिवळी पानंही. पान घेऊन कुणी आलं की आदेमार विचारतो, "कुठल्या मजल्यावरचं?"

"आता मजला कशाला?" खालचा न्हावी उगो एकदा वैतागला.

"कारण खालची पानं पिवळी पडली तर झाड उपाशी. जुन्या पानातलं नत्र काढून ते कोवळ्याला देतं. वरची कोवळीच पिवळी नि शिरा हिरव्या, तर लोह पोचत नाही. आणि टोकं करपली असतील तर तू कोंबून कोंबून खाऊ घातलंयस, गाढवा!"

फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी, त्याचीच तिन्ही झाडं खालून पिवळी पडू लागली. फुलावर आलेलं झाड खालची पानं टाकतं, पण कापणीच्या सुमाराला. ही तर नुकती कळ्या धरत होती. त्याने खत दिलं, पिवळेपणा एक मजला वर चढला. आणखी दिलं, तर टोकं करपली.

"अजीर्णही झालंय आणि उपाशीही आहे," तो मला, शेजारणीला, म्हणाला. "असा रोगी मी पाहिला नाही."

चेष्टा करायची वेळ नव्हती. त्याच्या बायकोची, नेलिदाची बोटं सांध्यांत सुजून वाकलेली. या फुलांचं चरबीत कढवलेलं मलम चोळलं तरच तिला जरा बरं वाटायचं, आणि गेल्या वर्षीची बरणी संपत आली होती. हिवाळा दाराशी होता.

मी म्हटलं, "पानं काय बघत बसलास? माती उकर."

त्याने बोटं खुपसली. वरच्या मातीच्या पातळ थराखाली येर्बाचा, म्हणजे आमच्या इकडच्या चहाच्या पानांचा, चोथा निघाला. हिरवा, बुळबुळीत, बुरशी धरलेला. कच्चा चोथा कुजताना मातीतलं नत्र स्वतःच खातो, वर कुंडी सदा ओली ठेवतो. मुळं गुदमरणार नाहीत तर काय! आमच्याकडे तुंब्यातला चहा पिऊन झाला की चोथा दिसेल त्या कुंडीत झाडायची सवयच आहे. लोकांना ते पुण्य वाटतं.

आदेमार जिन्यातून ओरडला, "उगो! तुझा तुंबा कुठे रिकामा करतोस?"

"माझ्या बादलीत! माझ्यावर कशाला भुंकतोस?"

"त्याला नको ओरडू," मागून नेलिदा म्हणाली. "मी घालत होते. रोज सकाळी. वरून माती सारत होते, तुला दिसू नये म्हणून."

"तू? या वयात गांजा लावतोस म्हणून महिनाभर अबोला धरलास, ती तू?"

"धरला होता. पण झाड मेलं तर माझ्या बोटांचं काय, म्हाताऱ्या? म्हणून घातलं खायला."

आदेमार इतका हसला की भिंतीला टेकावं लागलं. "म्हणजे दोघं मिळून वाढत होतो, आणि पोर उपाशी!"

चोथा खरवडून काढला, मुरलेली माती भरली, कुंड्या सुकेपर्यंत पाणी बंद. येर्बासाठी एक झाकणाची बादली ठेवली. कुजू दे आधी तिथे. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, हे मी नेलिदाला बजावून थकले. ती तीच बघून उसासे टाकायची. बघायचं होतं ते शेंड्याकडे, आणि शेंडा हिरवा राहिला.

एक झाड गेलं, दोन तरली. एप्रिलमध्ये मलमाची बरणी भरली. गुण मलमाचा की नवऱ्याने रोज रात्री बोटं चोळण्याचा, या वादात मी पडत नाही. जूनमधल्या एका पावसाळी दुपारी त्यांच्याकडे गेले, तर पाऊस आला की आमच्याकडे तळतात त्या पुऱ्यांचं पीठ नेलिदा स्वतःच्या हातांनी मळत होती.

"घट्ट झालंय," आदेमार म्हणाला. "आण, मी मळतो."

"हात नको लावूस," ती म्हणाली आणि परात आपल्याकडे ओढली.