मानद जपूनराव

समोरच्या दारातल्या गृहस्थांना आमच्या जिन्यावर सगळे जपूनराव म्हणतात. बारसं मीच केलं. कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून हयात घालवलेला माणूस; जिना उतरणाऱ्या मांजरालासुद्धा ‘जपून’ म्हणायचे. माझ्या चपलांच्या स्टँडवर त्यांचा विशेष राग.

"वहिनी, आग लागली तर यात अडकून पडाल."

"आग लागली तर मी चपला घालायला थांबणार नाही, भावजी."

निवृत्तीनंतर त्यांना घरात एकच श्रोता उरला, बायको, आणि तिचे कान किटलेले. म्हणून ते एका धर्मादाय संस्थेत जाऊ लागले. तिथे गरजू बायका जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवत. यांनी तिथल्या वायरी बदलायला लावल्या, मशीनच्या पट्ट्यांना झाकणं बसवून घेतली, दारातली गाठोडी हलवली. चहाशिवाय काही घेतलं नाही. संस्थेच्या चिटणीसबाई म्हणजे साखरेचं पोतं. "तुम्ही तर आमच्या घरचेच," म्हणत त्यांनी यांचं नाव स्वयंसेवकांतून काढलं आणि दारावरच्या पाटीवर चढवलं: मानद सुरक्षा सल्लागार. त्या पाटीचा त्यांच्या फोनमधला फोटो मला जाता-येता बघावा लागे.

"मानद म्हणजे मान द्यायचा आणि बाकी काही नाही, असंच ना?" मी विचारलं. हसले बिचारे.

बायकोनं एकदा टोकलं होतं. "अहो, सल्ला चुकला तर? जावईबापू म्हणत होते, असल्या कामाचा वेगळा विमा निघतो."

"फुकटच्या सल्ल्याला कसला विमा? उद्या आशीर्वादाचाही काढायला सांगशील."

जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, स्वतःचं उघडंच.

मग माळ्याचं झालं. चिटणीसबाईंनी घाईघाईत विचारलं, माळ्यावर सामान ठेवलं तर चालेल का? हे म्हणाले, "चालेल, पण हलकंच ठेवा." बाईंनी ‘चालेल’ ऐकलं आणि ‘पण’च्या आधी पाठ फिरवली. कोणीतरी दान दिलेल्या पुस्तकांचे गठ्ठे वर चढले. एका दुपारी माळा खाली आला, तो मशीनवर बसलेल्या बाईच्या उजव्या खांद्यावर. हात राहिला, पण नुसता लोंबायला.

तिनं भरपाई मागितली. "तिनं नाही मागायची तर कोणी?" असं जपूनरावच म्हणाले. संस्थेचा विमा होता, पण तो पगारी माणसांच्या आणि स्वयंसेवकांच्या चुकीपुरता. विमावाल्यांनी सांगितलं, सल्लागार बाहेरचा, त्याच्या सल्ल्याचं त्यानं निस्तरावं. जपूनराव चिटणीसबाईंकडे जाऊन आले आणि पायरीवरच बसले, माझ्या चपलांशेजारी.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुम्ही तज्ज्ञ, आम्ही अडाणी. तुम्ही चालेल म्हणालात, आम्ही चालवलं."

"आणि तुमचा तो ‘पण’?"

"तो माझ्याशिवाय कोणी ऐकलाच नाही, वहिनी."

साधे स्वयंसेवक राहिले असते तर विम्यात बसले असते. घरचा माणूस पाटीवर चढला आणि बाहेरचा झाला. यावर मला एक झकास विनोद सुचला होता. तो मी गिळला.

कोर्टाचा निकाल जपूनरावांच्या विरुद्ध गेला, भरपाईसाठी घर विकावं लागलं. नवराबायको मुलीच्या घरच्या मागच्या खोलीत राहायला निघाली. सामान हलवताना हमालांनी कपाट जिन्याच्या वळणावर आडवं घेतलं. दोर एकाच बाजूला. कपाट सुटणार, हे मलासुद्धा दिसत होतं, आणि खाली एक हमाल उभा.

"काका, असं चालेल ना?" वरच्यानं विचारलं.

जपूनराव कठडा धरून उभे. बायको म्हणाली, "अहो, सांगा की."

ते भिंतीकडे बघत राहिले. शेवटी मीच ओरडले, "दुसरा दोर खालून घ्या. जपून."

हमालांनी दोर घेतला. जपूनराव माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "कशाला बोललात, वहिनी? आता पडलं तर तुमच्यावर येईल."