पाय जवळ ठेवून रड

हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना निखिलचा फोन आला. "आई गेली गं," एवढंच तो म्हणाला. दुपारच्या झोपेतच सासूबाईंचं हृदय थांबलं होतं. कॅब वारज्याला घराकडे निघाली, ती प्रत्येक चौकात अडत राहिली, आणि मला त्यांचंच वाक्य आठवत होतं, "तुमच्या हिंजवडीत पगार वेळेवर येतो, माणसं नाही."

यवतमाळहून लग्न करून मी त्यांच्या घरी आले. मला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. सई चांगली गुटगुटीत होती. ती बाहेर येताना माझ्या ओटीपोटाखाली काहीतरी कट्कन निसटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी नर्सने उभं केलं, तर पाऊल उचलेचना. कंबर पुढून फाटतेय असं वाटलं. "पहिलटकरीण आहे, घाबरलीय," म्हणत सगळे बाळाकडे वळले. सासूबाई मात्र माझ्याकडेच बघत राहिल्या. डॉक्टर आल्यावर म्हणाल्या, "अहो, ती नुसतं दुखतंय म्हणत नाहीये, उभं राहता येत नाही म्हणतेय. दोन्हींत फरक आहे. एक्स-रे काढा."

कमरेची हाडं पुढून जोडणारा सांधा उघडला होता. बाळंतपणात तो जरा सैल होतोच, माझा फारच उघडला. ऑपरेशन टळलं, पण कमरेला घट्ट पट्टा, झोपताना गुडघ्यांत उशी, आणि पाय फाकवायचे नाहीत अशी सक्त ताकीद. सई शेजारी रडायची आणि मला उठून तिला घेता यायचं नाही... आपण पुन्हा चालणार का, या भीतीने एकदा मीच हमसाहमशी रडले. वाटलं, त्या समजूत घालतील. "रड," त्या म्हणाल्या, "पण पाय जवळ ठेवून रड." मला हसू फुटलं, आणि हसताना कळ आली म्हणून पुन्हा रडू.

मालिशवाल्या बाईंना त्यांनी दारातच सांगितलं, "बाळाला हवं तेवढं चोळा. हिच्या पायांना हात लावायचा नाही." बारशाला मी पाटाऐवजी खुर्चीत बसले, तर एक चुलतसासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." सासूबाई त्यांच्या हातावर पेढा ठेवत म्हणाल्या, "एक्स-रे नव्हते ना तुमच्या वेळी, म्हणून तुम्ही सगळ्या ठणठणीत."

फिजिओथेरपीने हळूहळू पायांत बळ आलं. काही महिन्यांनी मी जिना चढले, मग कामावर रुजू झाले. कंपनीच्या बसची पायरी उंच होती. पहिल्याच सकाळी त्या स्टॉपवर हजर! ड्रायव्हरला म्हणाल्या, "अहो, बस फुटपाथला चिकटवून लावा. नाहीतर मी रोज येऊन सांगेन." तो रोज तशीच लावू लागला, तरीही पुढे कितीतरी दिवस त्या येतच राहिल्या.

खूप वर्षांनी मी विचारलं, "आई, मी नाटक करत नाहीये, हे तुम्हाला कसं कळलं हो?"

"त्यात कळायचं काय? रविवारीसुद्धा कंटाळणारी बाई तू. हौसेनं झोपून राहशील होय?"

माझी स्वतःची आई गेल्यापासून मला इतकं कुणी ओळखलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले होते. काठी धरायला तयार नसत, भिंतीला हात टेकत खोलीतून स्वयंपाकघरात यायच्या. परवा रंगारी आला. पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला उमटलेला तेलकट, मळका पट्टा दाखवून म्हणाला, "ताई, हे आधी घासून काढावं लागेल."

मी त्याला सांगितलं, ही भिंत राहू द्या.