हनुवटीवरचा केस

बाजाराच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून माझं पार्लर आहे. गिऱ्हाईक दारात आलं की मी म्हणते, "अगं बाई, काय अवस्था करून घेतलीस चेहऱ्याची." बाई हसतखेळत आलेली असते, खुर्चीत टेकेपर्यंत तिचं तोंड उतरतं आणि माझा दिवस बरा जातो. कष्टाची कमाई आहे असं मी घरी सांगते. निम्मी कष्टाची, निम्मी लोकांच्या भुवयांना नावं ठेवण्याची.

खुर्ची मागे कलली आणि दोरा माझ्या दातांत आला की भल्याभल्या गप्प होतात. जिच्यापुढे अख्खी शाळा चळचळ कापते ती मुख्याध्यापिकासुद्धा डोळ्यांतून पाणी काढत "हळू गं" एवढंच म्हणते. त्यामुळे आपला बाजारात फार वचक आहे, असा माझा समज झाला.

त्या समजावर मी व्यापारी संघटनेच्या अध्यक्षपदाला उभी राहिले. कारण एकच. इमारतीत बायकांसाठी संडास नाही. निम्मी दुकानं, म्हणजे वरचा सगळा मजला, आम्ही बायका चालवतो आणि पाण्याचा घोट घेताना आधी घड्याळ बघतो. शेजारची शिवणवाली तर लघवीच्या त्रासानं दवाखान्यात राहून आली. आणि अध्यक्ष, म्हणजे खालचे रंगवाले, दर बैठकीत "विषय महत्त्वाचा आहे" म्हणून चहा मागवतात.

पोस्टरला फोटो हवा होता. इथे मी आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला. आरशासमोर बसले आणि गिऱ्हाइकांना म्हणते तेच स्वतःला म्हणाले. झालं. ब्लीच, फेशियल, भुवया, केस सरळ. हनुवटीवर एक जाड, हट्टी केस आहे, तोही उपटला. उरलंसुरलं फोटोवाल्यानं पुसून काढलं. पोस्टर इतकं देखणं झालं की मी ते बघायला रोज दोनदा उगीचच जिना उतरायचे.

आठवडाभरानं शिवणवाली आली. "छापखान्यात जाऊन भांड. नाव तुझं, फोटो भलत्याच बाईचा छापलाय."

"ती मीच आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "असशील. पण सगळ्या विचारतायत, ही कोण? हिला संडासला जावं लागत असेल असं वाटतच नाही."

मला राग आला आणि रडूही आलं. पण रडत बसणं मला जमत नाही, म्हणून म्हटलं, "बस, भुवया करून देते." ती मागे कलली. मी दोरा दातांत धरून तिच्यावर वाकले, तशी ती म्हणाली, "थांब, हलू नकोस," आणि खालूनच मोबाइल धरून तिनं फोटो काढला.

फोटोत दोन नाकपुड्या, दोन हनुवट्या, कपाळाला आठ्या, दातांत दोरा. उपटलेला केसही परत हजर. शिवाय सगळं उलटं.

"आम्ही तुला अशीच ओळखतो," ती म्हणाली. "आणि दातांत धरलेलं तू सोडत नाहीस, हेही ओळखतो."

मी नको नको म्हणेपर्यंत तिनं त्याचं पोस्टर छापून भिंतीवर लावलंसुद्धा, उलटंच. रंगवाले जिन्यात उभे राहून म्हणाले, "यांना मत द्यायचं की औषध?" खालचा मजला पोट धरून हसला. वरचा मजला काही बोलला नाही. मतमोजणीच्या दिवशी कळलं, का बोलला नाही ते.

संडास झाला. रंग रंगवाल्यांकडूनच घेतला, तोही घासाघीस करून. ज्या दिवशी दाराला कडी लागली त्या दिवशी शिवणवाली माझ्याकडे आली, खुर्चीत बसली आणि माझ्यासमोर पाण्याची अख्खी बाटली प्यायली. सावकाश, घड्याळाकडे न बघता.

तोंड पुसून तिनं दोरा उचलला. "ये, आता तो हनुवटीवरचा केस काढून टाकू."

"खबरदार हात लावशील तर," मी म्हटलं. "तो निवडून आलाय."

मग सवयीनं तिच्याकडे पाहिलं आणि राहवलं नाही. "तुझ्या भुवयांची मात्र काय अवस्था करून घेतलीस गं."