मदरपुढचा एस

आमच्या कॉलनीतल्या काही बायकांना मी दुपारी इंग्रजी शिकवते. परवा शोभाताईंनी फळ्यावर लिहिलं, ‘माय व्हॉइस इज लाइक माय मदर.’ मी मदरच्या पुढे, वरच्या बाजूला, स्वल्पविरामासारखी एक खूण केली आणि एस लिहिला.

“हा कशाला?” त्यांनी विचारलं.

“तुमचा आवाज आईच्या आवाजासारखा आहे ना, म्हणून मदर्स. म्हणजे आईचा.”

त्या हळूच म्हणाल्या, “पण मॅडम, माझी आई गेली हो. तरी आवाज तिचाच म्हणायचा?”

“तिचाच,” मी म्हटलं.

मराठीत आपण किती सहज बोलून जातो. नाक आत्यासारखं, हसणं मामासारखं; ‘आत्याच्या नाकासारखं’ असं कुणी म्हणत नाही. समोरच्याला बरोबर कळतं, म्हणून कुणी त्यावर थांबत नाही. इंग्रजी मात्र ज्याचं त्याला द्यायला लावते, आणि माणूस गेलं तरी ते काढून घेत नाही. इतकी वर्षं शिकवताना हा नियम मला कोरडाच वाटत आला होता.

शोभाताईंनी माझा एस पुसला आणि स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिला.

“आता वाचा,” मी म्हटलं.

त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. आवाज जरासा घोगरा होता, पण फार मायाळू. त्यांच्या आईला मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ऐकलं मात्र.