रुंद पट्टा

रामनगरहून होडीने काशीला परतताना माझ्या पिशवीत वसंताच्या कॅमेऱ्याचा नवा पट्टा होता. चांगला चार बोटं रुंद. मोच्यासमोर बसून शिवून घेतला होता. रामघाटाच्या पायऱ्यांवर रघू उभा दिसला. रघू रेल्वेत कारकून, आणि आमच्या गल्लीतला मल्लखांबाचा पक्का खेळाडू. ‘‘वहिनी, वसंता गेला.’’

‘‘कुठे?’’ मी विचारलं. ‘‘दहाला मुंजीचं शूटिंग आहे ना त्याचं?’’

रघूने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली...

सहा आठवडे झाले. वसंता माझा धाकटा दीर, एक्केचाळीस वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, हृदय. आदल्या दिवशी त्याने दोनदा भात मागून घेतला होता. मला अजून हे जुळवता येत नाही.

लग्नमुंजींचं शूटिंग हा त्याचा धंदा, पण जीव मल्लखांबात. चार वर्षांपूर्वी घाटावर एक परदेशी पाहुणा आला होता. त्याच्या देशात तो चाकांच्या फळीवरच्या उड्या व्हिडिओवर टिपायचा. जाताना त्याने वसंताला एक फुगीर भिंग दिलं, कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरवून बसवायचं. ‘‘याला फिशआय म्हणतात. माशाचा डोळा!’’ वसंताने घरात जाहीर केलं. सासूबाई सोवळ्यात होत्या. ‘‘तो डोळा आधी बाहेर ठेव, आणि आंघोळ करून ये,’’ त्या म्हणाल्या. बरेच दिवस ते भिंग अंगणातल्या कोनाड्यातच राहिलं.

त्या भिंगात समोरचं आणि दोन्ही बाजूंचंही सगळं मावतं, पण हातभरावरची वस्तू दहा हात लांब दिसते. म्हणून खेळाडूला अगदी भिडून उभं राहावं लागतं. पहिल्याच दिवशी रघूने खांबावरून पाय फिरवला आणि वसंताचा चष्मा उडाला. ‘‘मला लांब दिसत होता हो तो!’’ तेव्हापासून मी नियम केला. शूटिंगला मी शेजारी उभी राहायची, त्याचा सदरा मागून धरायचा आणि अंतर सांगायचं. ‘‘हातभर... वीतभर... मागे हो!’’

‘‘भौजी, बैल हाकताय का?’’ वसंता बनारसी थाटात चिडवायचा.

‘‘बैल ऐकतो तरी.’’

माझ्या वहीत सगळे धोके लिहिलेले होते. रघूचे पाय, खांबाला चोळायच्या एरंडेलाने निसरडी झालेली फरशी, दिव्याची वायर. चार वर्षांत त्याला साधं खरचटलंही नाही. याचा मला अभिमान होता.

परवा रघूने शेवटची कॅसेट लावली. मधे रघू खांबाला टेकून दम खातोय. कॅमेरा चालूच आहे. चित्राच्या डाव्या कडेला, वाकडी झालेली, मी. साध्या भिंगात मी आलेच नसते. सदरा सोडलेला, मान खाली, हातात वही. वसंताचा आवाज येतो, ‘‘वहिनी, हल्ली कॅमेरा फार जड लागतो हो. जिना चढताना तर धापच लागते.’’

‘‘पट्टा बारीक आहे. रुंद करून आणते,’’ मी म्हणते. आणि लिहिते.

मान वर करत नाही.

रघूने कॅसेट थांबवली. मी म्हटलं, ‘‘पुन्हा लाव.’’ पट्टा खुंटीला आहे, अजून कडकच. कॅसेटमध्ये मी दहा हात लांब दिसते. होते हातभरावर.