वावटळीतली ऑर्ला

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात गवत कापून पोट भरणारी गोबनित सात वर्षं एकच सांगायची, "माझी धाकटी बहीण ऑर्ला मेली नाही, पऱ्यांनी नेलीय." लोक तिला वेडी म्हणायचे.

त्या दुपारी वारा नसताना पऱ्यांच्या टेकडीवरून वावटळ उठली. आतून हाक आली, "ताई!"

"लोखंडाला भितात त्या! विळा फेक!" शेजारची पेग ओरडली.

"अगं, ऑर्लालाच लागला तर?"

"फेक म्हणते ना!"

गोबनितने डोळे मिटून विळा भिरकावला. कानठळ्या बसवणारी किंकाळी उठली आणि वावटळ विरली. गवतात ऑर्ला उभी होती, नेली तेव्हा होती तेवढीच, सोळा वर्षांची.

"ताई, तुझे केस कधी पिकले गं?"

गोबनित हसत-रडत तिला ओढत घराकडे पळत सुटली.