परत करण्यासाठी घेतलेली हिच

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मला माहीत नाही, कारण हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. बोलून सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला मी लेकीकडे राहते. नवरा गेल्यावर तिने कागदपत्रं करून मला इकडे आणलं. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे मान खाली घालून राहायचं, आणि जावयाला उलट बोलायचं तर नाहीच, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. फुकटचं खाल्ल्यासारखं वाटू नये म्हणून मी ऑर्डरच्या पुरणपोळ्या करते. इथल्या मराठी बायका शुक्रवारी येऊन डबे घेऊन जातात. ते पैसे माझे.

जावई कॉम्प्युटरवर काम करतात. स्वभावाने वाईट नाहीत. पण त्यांचे एक नागपूरचे मित्र आहेत, आणि त्या दोघांना एक सवय आहे तिची मला मनापासून किळस येते. दुकानातून वस्तू आणायची, वापरायची आणि परत करून पूर्ण पैसे घ्यायचे. मॅच बघायला मोठा टीव्ही आणला, मॅच संपली की टीव्ही परत. नातीच्या वाढदिवसाला झगा आणला आणि किमतीचं लेबल आत खुपसून तिला घातला. केक कापतानाही पोरगी मान खाजवत होती. दुसऱ्या दिवशी झग्यावरचा क्रीमचा डाग मला पुसायला लावला आणि झगा परत गेला. पार्टीत हे हसून सांगतात. ऐकणारे मग आपापलं सांगतात. सगळ्यांच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत.

मागच्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून एक जुना ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. झोपणं, स्वयंपाक, संडास, सगळं त्यातच. संडासापासून दोन हातांवर शेगडी. गाद्यांना कुणा परक्या माणसांच्या घामाचा वास. मी फिनेलने दोनदा पुसून काढलं, तरी तिथे बसून मला घास गिळवेना.

पहिल्यांदा विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर जायचं ठरलं. बाहेरचं खायचं नाही म्हणून मी आणि लेकीने घर उचलून नेल्यासारखं सामान भरलं. तांदळाची मोठी पिशवी, कणीक, दोन कुकर, इडलीचं पीठ, पाण्याचे कॅन, लोणच्याच्या बरण्या. ट्रेलरचा ओटा अगदी मागच्या टोकाला होता, म्हणून सगळं मागेच रचलं. हायवेवर वारा होता. एक लांबडा ट्रक बाजूने निघून गेला आणि आमचा ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हलायला लागला. त्याच्याबरोबर आमची गाडीही ओढली जाऊ लागली. मी मागच्या सीटवर नातीजवळ होते. तिने माझं बोट घट्ट धरलं.

"आजी, आर वी फॉलिंग?"

जावयांनी ब्रेक दाबला तसं हलणं आणखी वाढलं. मग त्यांनी पाय काढून घेतला आणि हळूहळू थांबलं. त्यांच्या शर्टाची कॉलर घामाने भिजून गेली होती. मित्र आपल्या कुटुंबाला घेऊन मागच्या गाडीत होते. त्यांचा फोन आला. "काय बाप्पा, काय नाचत होता ट्रेलर तुमचा! व्हिडिओ काढाले पाहिजे होता."

माझं बोट नातीने तळं येईपर्यंत सोडलं नाही.

घरी आल्यावर कळलं की ट्रेलर असा डोलू नये म्हणून वेगळी हिच मिळते. हिच म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांच्यामधला लोखंडी सांधा. ती घ्यायला आम्ही दुकानात गेलो. मी गाडीतच बसते म्हणत होते, पण ऊन आहे म्हणून मलाही आत नेलं. दुकानदार म्हातारा गोरा माणूस होता, बोलणं अगदी सावकाश. त्याने विचारलं, ट्रेलरचं वजन किती? जावयांनी फोनमध्ये बघून कंपनीने लिहिलेलं वजन सांगितलं. ते रिकाम्या ट्रेलरचं होतं.

मी लेकीच्या कानात म्हटलं, "अगं, आपला तांदूळ? आपले कुकर?"

तिने ते मोठ्याने सांगितलं आणि सगळे हसले. दुकानदार हसला नाही. भरलेल्या ट्रेलरचं वजन करा, जड सामान चाकांच्या पुढे ठेवा, असं तो म्हणाला. मग त्याने दोन प्रकार दाखवले. स्वस्तातली हिच म्हणजे घासून ट्रेलरला आवरणारी एक पट्टी. ती पावसात ढिली करायची आणि गाडी रिव्हर्स घ्यायच्या आधी काढायची. महागातलीला दोन जाड दांडे होते. ते ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटून देतात आणि डोलणंही आवरतात. मुलं बरोबर असतील तर मी ही घेईन, असं तो नातीकडे बघत म्हणाला.

जावई स्वस्तातलीकडे वळले होते. मित्र मराठीत म्हणाले, "महागातलीच घे ना यार. न वापरलेली असली तर नव्वद दिवसांत परत घेतात. एक ट्रिप मारू न् देऊन टाकू."

"अरे, पण वापरल्यावर?"

"तोंडावर लिहिलं राहते का वापरली म्हणून?"

दुकानदार दोघांच्या तोंडांकडे बघून नम्रपणे हसत उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं. मला तिथे उभं राहवेना. मी कॅम्पिंगच्या खुर्च्यांपाशी जाऊन उभी राहिले.

त्या महिन्यात जावयांच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा संपली होती, म्हणून हिच न घेताच परतलो. घरी आल्यावर मी पोळ्यांच्या पैशांचा डबा काढला आणि म्हटलं, "मी देते. पण ती गाडीला राहू द्या. परत करू नका."

"राहील की, आई. उसने घेतो, परत देईन."

दुसऱ्या दिवशी दोघं हिच घेऊन आले, आणि बसवून द्यायचे वेगळे पैसे पडतात म्हणून व्हिडिओ बघत ती स्वतःच जोडली. सामान या वेळी मी पुढच्या पलंगाखाली ठेवायला लावलं. त्या ट्रिपला ट्रक गेले, वारा होता, पण ट्रेलर सरळ चालला. जाताना आणि येताना नात झोपली होती. माझं बोट कुणी धरलं नाही.

आल्यावर पुढच्या शनिवारी मित्र काळ्या रंगाचा स्प्रे घेऊन आले. दांडे घासून जिथला रंग उडाला होता, तिथे लोखंड चकाकत होतं. घरासमोर गाडी लावायच्या ड्राइव्हवेवर माझं जुनं सुती लुगडं पसरून त्यावर दांडे मांडले होते. न विचारता घेतलेलं. रंगाचा वास घरात शिरला. दोघं वाकून फुंकर मारत होते, लग्नातल्या मुलीचे हात रंगवावेत तसे.

मी दारातून म्हटलं, "जावईबापू, ही राहणार होती ना?"

"आई, तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळतील. पूर्ण."

"काहून टेन्शन घेता मावशी," मित्र म्हणाले. "दुकानाले काय फरक पडते? पुढच्या वर्षी दुसरी आणू."

"आणि सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला जायचंय ते?" मी विचारलं.

"ते तर जवळच आहे. हिचशिवाय जाऊन येऊ," जावई म्हणाले.

नात तिथेच सायकल फिरवत होती. मी दार लावून आत आले. रंगाच्या वासामुळे लावलं असेल असं लेकीला वाटलं.

परत करायला जाताना मीही गाडीत होते, कारण तिथून पुढे मला डाळ आणि गूळ आणायला इंडियन स्टोअरमध्ये जायचं होतं. दुकानदाराने खोका उघडला. दांडे उलटसुलट करून बघितले.

"रस्त्यावर नेली नाही?" त्याने इंग्रजीत विचारलं. एवढं मला कळतं.

"नाही, नाही," जावई म्हणाले. "फक्त खोका उघडला."

त्याने मान हलवली आणि पावती हातात घेतली. विश्वास ठेवला त्याने. त्यामुळेच मला जास्त शिसारी आली, त्याची नाही, आमची. मग त्याला मी दिसले. त्याने ओळखलं, आणि सगळ्या म्हाताऱ्या बायकांशी बोलतात तसं मोठ्याने, सावकाश विचारलं, "अँड यू, मॅम? डिड यू गो कॅम्पिंग?"

मला मान हलवून नाही म्हणता आलं असतं. मला इंग्रजी येत नाही असं दाखवता आलं असतं, ते मी रोजच दाखवते.

"येस," मी म्हटलं. "वेंट. व्हेरी गुड. नो शेकिंग."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग जावयांकडे. पावती परत दिली आणि खोका काउंटरवरून आमच्याकडे सरकवला. रागावला नाही. जावयांची कानशिलं लाल झाली होती.

डाळ आणि गूळ घेऊन आम्ही परत आलो. घरी लेक म्हणाली, "आई, तुला कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"त्याने मला विचारलं," मी म्हटलं.

"एरवी तोंडातून शब्द निघत नाही तुझ्या."

ते खरं आहे. मी पीठ भिजवायला घेतलं. मित्र नंतर आले की मला मावशी म्हणायच्या ऐवजी 'नो शेकिंग' म्हणू लागले, हसत. मी त्यांना चहा दिला. पोळी दिली नाही.

हिच गाडीला परत जोडली गेली. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जावई माझे पैसे थोडे थोडे देऊ लागले, पगार झाला की, माझ्याकडे न बघता. राहू द्या, घरातच आहेत, असं म्हणायची माझी जात. या वेळी म्हटलं नाही. लेबर डेला वारा सुटला होता. नात सगळा रस्ता खिडकीतून गाई मोजत होती.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी पोळ्यांचे डबे भरत होते. जावयांनी शेवटच्या नोटा ओट्यावर ठेवल्या. "मोजून घ्या," ते म्हणाले.

जावयासमोर मी कधी पैसे मोजले नव्हते. मी हात धुतले, कोरडे केले आणि त्यांच्यासमोर मोजले. पूर्ण होते.